न फेडलेली सावड

मार्गासनी मागे टाकून एसटी वेल्ह्याच्या रस्त्याला लागली की एका वळणावर डाव्या हाताला भाताचा तरवा दिसतो. तरवा म्हणजे बी दाट टाकून वाढवलेली रोपं. ती वेळेवर उपटून चिखलात लावायची असतात. आजूबाजूची सगळी खाचरं लावून झाली आहेत. त्यांत पाणी उभं आहे आणि पाण्यात ओळी. या एका तुकड्यातली रोपं मात्र उगवली तिथंच आहेत. उंच झाली, एकमेकांवर कलली, शेंडे पिवळे पडले. रोपाचं वय उलटलं की बुडाशी कांडं धरतं. मग लावलं तरी त्याला फुटवा येत नाही.

भोरहून निघालं की कापूरहोळला बस बदलावी लागते. तिथल्या गर्दीत मी डाव्या खिडकीसाठी धडपडते. कंडक्टरला वाटतं, मला गाडी लागते. गाडी लागत नाही. मला तो तरवा पाहायचा असतो.

तुकडा आमच्या जुन्या महाविद्यालयाच्या प्रमुखांचा आहे. निवृत्तीनंतर त्यांनी तो घेतला, तारेचं कुंपण घातलं आणि फाटकावर ‘मनःशांती’ अशी पाटी लावली. त्यांचं नाव इथे देत नाही. शिकवायला लागण्याआधी काही वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली होती. तिथं एक गोष्ट पक्की डोक्यात बसली: राग विशेषणांत घालू नये, घटनाक्रमात घालावा. तेवढंच करते.

साथीचं दुसरं वर्ष होतं. महाविद्यालय बंद, तास मोबाईलवर. भोरच्या बाजारपेठेत बसून शिकवणं सोपं होतं. वेल्ह्याच्या खोऱ्यात नव्हतं. वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी सहकारी अलका कोंढाळकर तेव्हा सासरी होती, गुंजवण्याच्या अलीकडच्या वाडीत. रेंज मिळायची ती खिंडीतल्या एका कातळावर. सकाळचं घरचं आवरून, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन ती तिथं चढायची आणि पेशी, पान, परागकण शिकवायची. मागून गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या. विद्यार्थीही असेच कुठल्या तरी टेकाडावर बसलेले. मधेच एखादी मुलगी विचारायची, “मॅडम, तुमच्याकडं लागला का?” आणि थोड्या वेळाने तोच पाऊस तिच्या फोनमधून ऐकू यायचा.

त्याच दिवसांत आमच्यासाठी एक वेबिनार ठेवला गेला: ‘ताणमुक्त प्राध्यापक’. हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू. अलकाचे सासरे नुकतेच साथीत, पुण्याच्या रुग्णालयात वारले होते. त्यांना घरी आणता आलं नव्हतं. नवरा त्याच आजारातून उठून भिंत धरून चालत होता. तरी ती कातळावर जाऊन बसली. प्रमुख स्वतः बोलत होते. बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, “कोंढाळकर मॅडम, पार्श्वभूमी जरा व्यावसायिक ठेवा. गुरं दिसतायत मागं.” काही चौकटींतले चेहरे हसले. मग ते म्हणाले, “आता सगळ्यांनी डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या. ज्यांनी तुम्हाला दुखावलंय त्यांना क्षमा करा.”

पडद्यावर सगळ्यांचे डोळे मिटले. अलकाचे उघडे होते. मला ते दिसले, म्हणजे माझेही उघडेच होते.

अलकाचा प्रबंध खोऱ्यातल्या जुन्या भातांवर होता. आंबेमोहोर कुठल्या बांधापर्यंत होतो, रायभोग कुठल्या पाण्यावर तरतो, ही तिची कित्येक पावसाळ्यांची निरीक्षणं. मार्गदर्शक प्रमुखच. प्रबंध गणपतीनंतर लगेच सादर करायचा होता. त्याच वर्षी महाविद्यालयात तिच्या विषयाची कायमची जागा निघणार होती, आणि तोपर्यंत प्रबंध सादर झालेला असणं ही अट होती. प्रबंध वेळेत गेला तर ती जागा तिची होती. इतकं साधं गणित होतं. आणि सासरे गेल्यापासून तिने एक ओळ लिहिली नव्हती.

“काय करतेस दिवसभर?” मी फोनवर विचारलं.

“फाईल उघडते. बघते. बंद करते. तेवढ्यात दिवस जातो.”

आषाढात तिच्या घरची लावणी आली तेव्हा मी आणि शकील आतार तिच्या वाडीत गेलो. शकील इतिहास शिकवायचा. भोरच्या पेठेत वाढलेला, चिखलात पाय कधी घातलेला नाही. गाडी त्याची होती. नवऱ्याला वाकता येत नव्हतं म्हणून वाडीने सावड घातली होती. सावड म्हणजे आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नाही. ज्याचं रान त्याच्याकडे जेवण. नियम दोनच. ज्याचं रान त्याने आधी चिखलात उतरायचं. आणि घेतलेली सावड फेडायची.

नवऱ्याची आत्या, हौसाआत्या, कमरेला पदर खोचून बांधावर उभी होती. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ह्ये कोन, अलके?”

“माझ्या कॉलेजातली हायेत, आत्या. लावायला आल्यात.”

“चष्मं काढून ठिवा म्हनावं. चिखलात पडलं तर मुठ्यांना लागायचं.” मुठे म्हणजे खाचरातले खेकडे. बाया हसल्या.

मी उपटलेल्या रोपांच्या जुड्या पोचवायचं काम घेतलं. शकील ओळीला लागला. बाया मागे मागे सरकत, न बघितल्यासारख्या लावत होत्या. रोप बोटांतून सुटून चिखलात उभं राहायचं. शकील चार रोपं लावायचा, उठून बघायचा, दोन उपटायचा, पुन्हा लावायचा. सगळं खाचर लावून होत आलं तरी तो एका कोपऱ्यात उभा होता.

“अवो भाऊ,” हौसाआत्या ओरडली, “लावल्यालं उपटून परत काय लावताय?”

“ओळ वाकडी आली होती, आत्या.”

“वाकडी का असंना! तिच्याशी लगीन करायचंय व्हय तुमाला? म्होरं चला, म्होरं!”

अलका हसली. सासरे गेल्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा ऐकलं. चिखलाच्या हातानेच तिने तोंड झाकलं आणि गाल माखून घेतला. “आत्या, सर पुस्तक पन असंच लिवत्यात. पहिलं पान अजून चाललंय.”

“आन तुजं?” आत्याने विचारलं.

अलकाने वाकून पुढची जुडी उचलली.

जेवायला बांधावर बसलो. तांदळाची भाकरी, कुर्डूची भाजी, वर सुकट. ओल्या कपड्यांना चिखलाचा आंबूस वास. हात धुतले तरी नखांत चिखल राहिलेला. भाकरी मोडता मोडता अलका म्हणाली, “माझ्या प्रबंधाला कुणी सावड घालील का?” ती गमतीने म्हणाली होती.

शकीलचा घास हातातच राहिला. “घालू की. पण आधी तुम्ही उतरायचं, मॅडम.”

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही वाडीच्या बंद शाळेच्या ओट्यावर जमायला लागलो. आणखी दोघं-तिघं शिक्षक येऊ लागले. ज्याची पाळी त्याने आधी उतरायचं, म्हणजे आपलं सगळ्यात वाईट पान मोठ्याने वाचून दाखवायचं. अलकाने वाचलं ते पान अर्धंच होतं. शेवटचं वाक्य क्रियापदावाचून लोंबत होतं. कुणी हसलं नाही. कुणी सल्ला दिला नाही, तो नियमच होता. सल्ला द्यायला सगळे तयार असतात; सावडीत हात लावायचा असतो. एकाने संदर्भ तपासायला घेतले, एकीने तक्ते. मी डेस्कच्या सवयीने वाक्यं कापत बसले. अलका मधोमध बसून पुढचं लिहीत होती. ती थांबून मागचं वाचायला लागली की शकील ओरडायचा, “म्होरं चला, म्होरं!” दुपारी तिच्या घरून भाकरी यायची. पुढच्या शनिवारी शकीलची पाळी, त्याच्या घरून डबा. त्याच्या पुस्तकाचं पहिलं पान त्या ओट्यावर संपलं.

कठीण काळात शिकवणाऱ्या माणसाला काय लागतं, यावर त्या वर्षी बरीच व्याख्यानं झाली. मी जे पाहिलं ते सांगते. लिहिणाऱ्याचं काम एकट्याचं असतं असं आपण मानतो, आणि एकट्याच्या कामात दुःख शिरलं की ते सगळी खोली व्यापतं. कुणी शेजारी बसून कामाचा एक तुकडा उचलला की खोलीत तेवढी जागा होते. अलकाला कुणी ‘कशी आहेस’ विचारत नव्हतं. ‘तिसरा तक्ता कुठाय’ असं विचारत होतं. तिसरा तक्ता शोधायला ती उठायची, आणि उठली म्हणून चालायची. महिनाभरात तिचा चेहरा बदलला. श्रावणाच्या शेवटी प्रबंध पुरा झाला.

त्याच सुमारास प्रमुखांना हे कळलं.

ते गाडीने आले. ओट्यावर पाय ठेवण्याआधी त्यांनी फोटो काढला. “फारच सकारात्मक!” म्हणाले. जेवले, कुर्डूची भाजी दोनदा घेतली. मग म्हणाले, “माझाही एक लेख अडलाय. एक पाळी माझी घ्या की.”

शकील म्हणाला, “सर, आधी वाईट पान वाचायचं असतं.”

“माझं सगळं डोक्यात आहे,” ते हसले. त्यांनी एक शीर्षक सांगितलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून फोन करत राहिले. लेख आम्ही लिहिला. माहिती अलकाने दिली, तिच्या स्वतःच्या निरीक्षणांतली, कारण सावडीत हात राखायचा नसतो. लेख लगेच छापून आला. नाव एकट्याचं होतं.

पुढच्या आठवड्यात आदेश निघाला. मूल्यमापन समिती येणार होती आणि प्रत्येक महाविद्यालयाला एक उत्तम उपक्रम दाखवायचा होता. सावड आता भोरला, महाविद्यालयाच्या सभागृहात भरणार होती. गोल मांडलेल्या खुर्च्या. प्रत्येकाने आपल्याला कसं वाटतंय ते सांगायचं. शेवटी फोटो, ज्याच्यावर ठिकाण आणि वेळ आपोआप उमटते असा, जिओटॅगचा. पानं कुणी आणायची नाहीत, गोंधळ होतो. शाळेचा ओटा बंद झाला. वाडीहून भोरला येण्यात अलकाचा दिवस जायचा. ती दोनदा आली नाही तर तिला असहकाराबद्दल विचारणा झाली.

आणि तिचा प्रबंध प्रमुखांच्या टेबलावर होता. फक्त सही राहिली होती. “एकदा नजर घालतो,” असं म्हणून त्यांनी ठेवून घेतला होता. अलका फेऱ्या मारत होती. ते समितीच्या तयारीत होते. मुदतीच्या आदल्या दिवशी ती केबिनच्या दारात उभी राहिली. मी सोबत होते. टेबलावर फोटोंचे गठ्ठे होते, गोल खुर्च्यांचे. प्रबंध त्यांच्याखाली कुठं तरी.

“सर, उद्या शेवटचा दिवस आहे.”

त्यांनी मान वर केली नाही. “अहो, एवढं काय टेन्शन घेता? मुदतवाढ मिळते हो. दीर्घ श्वास घ्या.”

मुदतवाढ मिळाली नाही. समिती आली, गोल खुर्च्या पाहून खूश झाली. प्रमुखांना मानचिन्ह मिळालं. कायमच्या जागेवर बाहेरून कुणी तरी आलं. मी आणि शकीलने बैठकीत याबद्दल एक प्रश्न विचारला. आम्ही तिघंही कायम नव्हतो, तासांच्या हिशोबाने शिकवायचो. पुढच्या सत्रात तासिकांसाठी मला आणि त्याला बोलावणं आलं नाही. अलकाला आलं. तिच्या प्रयोगशाळेचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

यातला सर्वांत वाईट भाग अजून पुढे आहे. अलकाने दुसऱ्या मार्गदर्शकाकडे पुन्हा नोंदणी केली. जुना प्रबंध नव्याने तपासणीला टाकला तेव्हा संगणकाने त्यातली पानंच्या पानं लाल केली. ही माहिती आधीच छापलेली आहे, असं त्याचं म्हणणं. छापलेली होतीच, प्रमुखांच्या लेखात. स्वतः बांधाबांधावर वाकून टिपलेली निरीक्षणं तिच्या नावावर चोरीची ठरली. तिने ती सगळी टाकून दिली आणि पुन्हा पहिल्या बांधापासून सुरुवात केली. पदवी मिळाली ती आता गेल्या वर्षी. ती अजून तासांवरच शिकवते.

क्षमा केली की मन हलकं होतं, असं त्या वेबिनारमध्ये सांगितलं होतं. मी तपासून पाहिलं. माझ्या बाबतीत ते खरं निघालं नाही. रागाने माझी तब्येत चांगली राहिली. रागानेच मी वेल्ह्याच्या बाजूला दुसरी नोकरी शोधली, रागानेच शकीलने पुस्तक पुरं केलं. आम्हा तिघांची सावड कधी थांबली नाही. फक्त तिच्यात एक माणूस घ्यायचा नाही, एवढं न ठरवता ठरलं. प्रमुख मात्र निवृत्तीनंतरही ‘कठीण काळात प्राध्यापकांचं मनःस्वास्थ्य’ या विषयावर गावोगावी बोलतात. सावडीवर त्यांचा मोठा भर असतो, असं ऐकते.

गेल्या रविवारी हौसाआत्याच्या रानात सावड होती. आम्ही तिघं गेलो होतो. लावणी उरकून, तिला मार्गासनीच्या दवाखान्यात दाखवायचं म्हणून गाडीत घेऊन निघालो. सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत माखलेले. त्या वळणावर टोपी घातलेल्या माणसाने हात केला. शकीलने गाडी थांबवली.

“अरे वा, आपली सगळी मंडळी!” प्रमुख काचेतून वाकले. “बरं झालं भेटलात. मजूर मिळत नाहीत हो कुठंच. वाडीतल्यांना म्हटलं, सावड घाला. तर म्हणतात, तुमी कुणाच्या रानात आला हुता?” ते हसले. “आता यांना काय सांगणार, सावड आपण कुठल्या कुठं नेली ते.”

“आमीच म्हनलं त्ये,” मागच्या सीटवरून हौसाआत्या म्हणाली.

अलका उतरली. फाटक उघडून तरव्यात गेली, एक रोप उपटलं, बुडाला नखाने दाबून पाहिलं.

“कांडं धरलंय, सर.”

“म्हणजे?”

“तुमच्याच लेखात आहे की. दुसऱ्या भागात, मधल्या परिच्छेदात.”

त्यांनी मान डोलावली. डोलावण्यावरून कळलं, त्यांनी तो अजून वाचलेला नाही.

“पण लावली तर थोडी तरी येतील ना? तुम्ही एवढी माणसं आहात. तासाभराचं काम. सावड म्हणून...”

“लावू की,” अलका म्हणाली. “ज्याचं रान त्याने आधी उतरायचं.”

तरव्याला लागून असलेल्या त्यांच्याच रिकाम्या खाचरात टिलर फिरवून ठेवलेला होता. चिखल तयार होता. प्रमुखांनी आमच्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. बूट काढले, मोजे काढून नीट घडी करून बुटात ठेवले, पँट दुमडली आणि उतरले. पाय पोटरीपर्यंत गेला. अलकाने एक जुडी उपटून, बांधून त्यांच्या हातात दिली.

मग ती येऊन बांधावर बसली. आम्हीही बसलो. आत्याने पिशवीतली भाकरी काढली.

प्रमुख वाकले, रोप लावलं. ते आडवं झालं. पुन्हा लावलं. चार-सहा रोपं लावून कंबर धरून उभे राहिले. तोंड लाल झालं होतं.

“येताय ना?”

“दीर्घ श्वास घ्या, सर,” शकील म्हणाला. त्याने मोबाईल काढून फोटो घेतला. ठिकाण आणि वेळ आपोआप उमटली.

ते आणखी थोडा वेळ वाकले. पुन्हा उभे राहिले. या वेळी हसले नाहीत. “अहो, आज लावलं नाही तर सगळं वाया जाईल. तुम्हाला कळतंय ना?”

अलकाने हातातला तुकडा सावकाश चावून गिळला.

“मुदतवाढ मिळते हो, सर,” ती म्हणाली.

भाकरी संपल्यावर आम्ही हात झटकून उठलो आणि आत्याला दवाखान्यात घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी कापूरहोळला मी सगळ्यांच्या आधी चढले. वळण आलं. खाचरात एकच ओळ होती, अर्ध्यावर तुटलेली, त्यातलीही निम्मी रोपं चिखलावर आडवी. बाकी सगळा तरवा होता तिथंच, पिवळा.

“मॅडम, आज बरं वाटतंय का?” कंडक्टरने तिकीट फाडत विचारलं.

“हो,” म्हटलं. “आज बरं वाटतंय.”